देणगीदाराने काय तपासावे आणि काय मागू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष संपत आले की करसवलतीच्या निमित्ताने, आणि एखादी आपत्ती कोसळली की कळवळ्यापोटी, आपल्याकडे देणग्यांचा ओघ सुरू होतो. आपल्या दैनिकातूनही आसपासच्या सेवाभावी संस्थांची आवाहने अधूनमधून प्रसिद्ध होत असतात आणि ती वाचून अनेक वाचक पैसे पाठवतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे देणगीदारांची एक सवय मला सतत खटकत आली आहे. जिथे चौकशी करायला हवी तिथे आपण भिडेखातर गप्प बसतो आणि जिथे संस्थेवर सोपवून मोकळे व्हायला हवे तिथे नको त्या अटी घालतो. त्यामुळे लबाड संस्थांचे फावते आणि प्रामाणिक संस्थांची कुचंबणा होते. याविषयी सविस्तर लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी चौकशीविषयी. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या सेवाभावी संस्थेला आपल्या राज्यात या कायद्याखालीही नोंदणी करावी लागते, त्यामुळे तिच्या पत्रशीर्षावर बहुधा दोन क्रमांक दिसतात. त्यांपैकी ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक न्यास म्हणून झालेल्या नोंदणीचा असतो. काही संस्था कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली स्थापन झालेल्या असतात आणि त्यांचे कागद कंपनी निबंधकांकडे सापडतात. एखाद्या प्रसंगापुरता निधी गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळींनाही विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये परवानगी घ्यावी लागते. स्वयंसेवी संस्थांची माहिती ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरील क्रमांक अलीकडे बिल्ल्यासारखा मिरवला जातो. तो संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीवर मिळतो, कामाचे प्रशस्तिपत्र म्हणून त्याकडे पाहू नये.

नोंदणी क्रमांक पाहून समाधान मानणारे देणगीदार पुष्कळ आहेत, पण नोंदणी ही फक्त दाराची कडी आहे. संस्थेकडे ‘शेड्यूल वन’चा उतारा मागावा. संस्थेचे नाव, उद्देश, विश्वस्तांची नावे आणि स्थावर मालमत्ता यांची अधिकृत नोंद त्यात असते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, ज्याला सगळेच ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात कित्येक उताऱ्यांवर दिवंगत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच असतात. एवढ्यावरून संस्था लबाड असल्याचा निष्कर्ष काढू नये, कारण अर्ज वेळेत दाखल होऊनही त्यावरचा निर्णय रेंगाळू शकतो, आणि विश्वस्तांमध्ये वाद असेल तर बोलायलाच नको. अशा वेळी अर्जाची पोच दाखवा म्हणावे. पोच निघाली तर प्रश्न मिटला. पोचही नाही आणि कारभार उताऱ्यावर नसलेलेच लोक हाकत आहेत असे दिसले, तर आपला हात आखडता घ्यावा.

याहून उपयोगी कागद म्हणजे लेखापरीक्षकाचा अहवाल, आणि तोच देणगीदार कधी मागत नाहीत. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक वाचायला थोडा सराव लागतो, हे मान्य. पण विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या नियमांनुसार लेखापरीक्षकाला जी ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, ती वाचायला हिशेबाचे शिक्षण लागत नाही. हिशेब नियमित ठेवले आहेत काय, हातातली रोख शिल्लक वहीशी जुळते काय, न्यासाचा पैसा उद्देशांबाहेर वापरला गेला काय, कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे काय, संस्थेच्या गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचे हितसंबंध आहेत काय, ठरावीक रकमेपुढील दुरुस्तीसाठी व बांधकामासाठी निविदा मागवल्या काय, सभा नियमित होऊन त्यांचे कार्यवृत्त ठेवले आहे काय, असे ते प्रश्न असतात. बहुतेक अहवालांत उत्तरे साचेबंद असतात हे मीच सांगतो. म्हणून मी नेहमी आधी एकाच प्रश्नाकडे वळतो: मागील वर्षी दाखवलेल्या उणिवा यंदा दुरुस्त झाल्या काय? तेच ते शेरे लागोपाठ तीन अहवालांत आढळले, तर विश्वस्त मंडळ अहवाल न वाचताच सही करते असे खुशाल समजावे.

उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात दोन-तीन ठिकाणी बोट ठेवले तरी पुरते. संस्था भाडे देत असेल तर जागा कोणाची आहे, हे विचारावे. ती एखाद्या विश्वस्ताच्या घरच्यांची असेल तर त्यात गैर असतेच असे नाही, मात्र भाडे कोणी आणि कसे ठरवले याचा ठराव दाखवता आला पाहिजे. ‘इतर खर्च’ हा शब्द लहान आणि त्यापुढचा आकडा मोठा असेल तर त्याची फोड मागावी. ताळेबंदात एखाद्या ठरावीक कामासाठी जमवलेला निधी वर्षानुवर्षे अखर्चित पडून असेल, किंवा ठेवी दरवर्षी फुगत असून कामावरचा खर्च जिथल्या तिथेच असेल, तर कारण विचारावे. इमारतीसाठी साठवणूक चालू आहे, असे उत्तर मिळेल. ते खरेही असेल. मग नकाशा मंजूर झाला आहे काय, एवढेच पुढे विचारावे.

पाचशे रुपयांच्या पावतीसाठी एवढा खटाटोप करावा, असे माझे म्हणणे नाही. पण दरवर्षी ठोस रक्कम द्यायची असेल, किंवा आई-वडिलांच्या स्मरणार्थ मोठी देणगी द्यायची असेल, तर एक दुपार यासाठी काढायला हरकत नसावी. चांगली संस्था अशा चौकशीने दुखावत नाही. निदान तिथला हिशेबनीस तरी मनातून सुखावतो, कारण त्याने लिहिलेले कोणीतरी वाचत आहे. आणि ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रतिप्रश्न आला तर उत्तर मिळाले असे समजून उठावे. धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी शोधता येते आणि कार्यालयात अर्ज करून, शुल्क भरून कागदांच्या नकलाही मागता येतात.

करसवलतीबाबतचे गैरसमज तर इतके रूढ आहेत, की त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. ज्या सवलतीला आपण ‘८०जी’ म्हणून ओळखतो (२०२५ च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत) तिच्यात बहुतेक स्थानिक संस्थांना दिलेल्या देणगीची ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. दहा हजार रुपये दिले तर उत्पन्न पाच हजारांनी कमी धरले जाते. २० टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यात साधारण एक हजार रुपये वाचतात. करदात्याने जुनी करप्रणाली निवडली नाही तर आता आपोआप नवी लागू होते आणि तिच्यात ही सवलत नाही. दोन हजारांहून अधिक रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला ती मिळत नाही. भिंतीवर चौकटीत लावलेले जुने मान्यतापत्रही आता कामाचे नाही, कारण २०२१ पासून संस्थांना नव्याने नोंदणी घ्यावी लागली असून ती ठरावीक मुदतीची असते. शिवाय निव्वळ पावती पुरत नाही. संस्थेने देणगीदारांचे विवरण प्राप्तिकर खात्याला सादर केल्यावर जे प्रमाणपत्र निघते, आजवर ज्याला ‘१०बीई’ म्हणत आलो, ते हाती यावे लागते. देणगीची पावती मोठ्या रकमेची देऊन त्यातील बराचसा पैसा रोखीने परत करणारे महाभागही या क्षेत्रात आहेत. अशा व्यवहारात देणारा आणि घेणारा दोघेही सारखेच दोषी असतात.

परदेशातील नातेवाइकांमार्फत मदत मिळवून देणाऱ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे पाठवलेला पैसा परकीय योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा मात्र तसा ठरतो, आणि परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेने तो घेतला तर अडचणीत संस्थाच येते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. माझ्या मते आपला मोठा दोष इथे आहे. संस्थेत पाऊल टाकताच देणगीदाराचा ठरलेला प्रश्न असतो, ‘तुमचा प्रशासकीय खर्च किती टक्के?’ आणि ठरलेली अट असते, ‘माझा पैसा पगारांवर जाता कामा नये, थेट मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे.’ ऐकायला हे अगदी रास्त वाटते. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेचे उदाहरण घ्या. तिथे मुलांपर्यंत जे पोहोचते ते विशेष शिक्षिकेच्या, स्पीच थेरपिस्टच्या आणि मुलांना उचलून शौचालयात नेणाऱ्या मावशींच्या हातूनच पोहोचते. त्यांचे पगार म्हणजेच ती सेवा. ते वगळून ‘थेट मुलांपर्यंत’ काय न्यायचे? मग वह्या येतात, दप्तरे येतात, भिंतीवरचे पंखे येतात. आणि शिक्षिका दोन महिने पगाराची वाट पाहून दुसरी नोकरी धरते.

एका संस्थेत मी पाण्याचा मोठा कूलर पाहिला होता. त्यावर देणगीदाराचे नाव, कोणाच्या स्मरणार्थ दिला ते आणि तारीख, असे सगळे पितळी पट्टीवर कोरलेले होते. कूलर बंद होता, कारण फिल्टर बदलायला पैसा नव्हता आणि फिल्टरवर नाव कोरता येत नाही म्हणून तो द्यायला कोणी पुढे येत नव्हते. त्याच्याच शेजारी माठ ठेवला होता आणि मुले त्यातले पाणी पीत होती. असाच प्रकार संगणक कक्षांचा, रुग्णवाहिकांचा आणि ग्रंथालयातील कपाटांचा होतो. वस्तू एकदाच विकत घ्यायची असते, पण ती चालवण्याचा खर्च दर महिन्याला दारात उभा असतो, आणि त्या खर्चाचे यजमानपद कोणालाच नको असते.

टक्केवारीच्या आग्रहाने आणखी एक नुकसान होते, जे हिशेब तपासताना मला जवळून दिसले. एकाच समाजसेविकेचा पगार ‘उद्देशांवरील खर्च’ या शीर्षाखाली दाखवता येतो आणि ‘आस्थापना खर्च’ म्हणूनही दाखवता येतो. देणगीदाराला कमी टक्का आवडतो हे कळले, की संस्था तो कमी करून दाखवायला शिकतात. प्रामाणिक संस्था तसे करत नाहीत आणि तुलनेत उधळ्या ठरतात. परिणामी ज्या संस्थेत हिशेबाला पूर्णवेळ माणूस आहे तिच्यावर आपण नाक मुरडतो, आणि जिथे सगळा व्यवहार संस्थापकाच्या डायरीत आहे तिला ‘काटकसरी’ म्हणून शाबासकी देतो. अमेरिकेत संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संघटनांच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये देणगीदारांना खुले पत्र लिहून सांगितले होते, की केवळ या टक्क्यावरून संस्था जोखू नका. आपल्याकडे उलटाच कल दिसतो. परकीय योगदानातून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. पैशाची उधळपट्टी होऊ नये हे बरोबरच आहे, पण उधळपट्टी विश्वस्तांच्या प्रवासखर्चात आणि समारंभांत शोधावी. विजेच्या बिलात ती सापडत नाही.

टक्का विचारण्याऐवजी काय विचारावे? मी असे सुचवेन: गेल्या वर्षी तुमच्याकडे किती जण आले, त्यांपैकी किती टिकले आणि जे गेले ते का गेले? कोणता उपक्रम तुम्ही बंद केला आणि कशामुळे? हा दुसरा प्रश्न फार बोलका आहे. आपले काय फसले हे ज्यांना सांगता येते, ते आपल्या कामाकडे डोळे उघडे ठेवून पाहत असतात. ज्यांचे सगळे उपक्रम सदैव यशस्वी असतात त्यांच्याविषयी मी जरा सावध राहतो. संस्थापकांनंतर काम कोण पाहणार, हेही विचारायला संकोचू नये. भेटीला वर्धापनदिनी जाऊ नये, एखाद्या साध्या मंगळवारी जावे. त्या दिवशी रजिस्टरवरची हजेरी आणि समोर दिसणारी माणसे यांचा मेळ आपोआप कळतो.

एवढे समाधान झाले, की मग अट न घालता द्यावे आणि जमल्यास दर महिन्याला द्यावे. बँकेला स्थायी सूचना देऊन पाठवलेले दरमहा हजार रुपये संस्थेला मार्चअखेरच्या एकरकमी बारा हजारांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण पगार आणि बिले दर महिन्याला असतात आणि येणारी रक्कम ठाऊक असली की कामाची आखणी करता येते. स्थायी निधीला, म्हणजे कॉर्पसला, देणगी द्यायची असेल तर तसे लेखी कळवावे लागते आणि मग संस्था मुद्दलाला हात न लावता त्याच्या व्याजावर काम करते. जुन्या, स्थिरावलेल्या संस्थांना हे उपकारक आहे, पण ज्या संस्थेला या महिन्याचे भाडे भरायचे आहे तिला कॉर्पस देणे म्हणजे भुकेल्याच्या नावाने मुदत ठेव काढणे. दहा संस्थांना थोडे थोडे वाटण्यापेक्षा एक-दोन संस्था धरून ठेवाव्यात, हेही माझे आग्रहाचे मत आहे. दहा संस्थांचे अहवाल कोणी वाचत नाही.

बालगृहात वाढदिवस साजरा करण्याची जी पद्धत पडली आहे तिच्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी आवश्यक आहे, मग ते सरकारी अनुदान घेत असो वा नसो. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे केक कापतानाचे मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणारा पाहुणा कायदा मोडत असतो, आणि देणगी मिळावी म्हणून मुलांचे चेहरे, नावे आणि कहाण्या स्वतःहून प्रसिद्ध करणारी संस्थाही तेच करत असते. अशा संस्थेला पैसे देण्याआधी दोनदा विचार करावा. मुलांच्या जागी उभे राहून पाहिले तर कायद्याचीही गरज पडत नाही: दर आठवड्याला नव्या अनोळखी माणसासाठी रांगेत बसून टाळ्या वाजवणे हे बालपण नव्हे.

आपत्तीच्या काळात वरीलपैकी काहीच करायला सवड नसते, हे खरे. तरी दोन गोष्टी पाळता येतात. एक म्हणजे जुने कपडे पाठवू नयेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनारी भागात देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, आणि ते उचलणे हेच एक वेगळे काम होऊन बसले होते. पैसे द्यावेत, तेही शक्यतो त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला. दुसरे, समूहांवर फिरणारा क्यूआर कोड तपासल्याशिवाय वापरू नये. २०२० च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या ‘पीएम केअर्स’ निधीच्या नावाशी मिळताजुळता बनावट यूपीआय पत्ता तयार केल्याचे उघडकीस आले होते. मग एखाद्या स्थानिक संस्थेच्या नावाचा गैरवापर करणे किती सोपे असेल? यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर येते. तिथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर थांबून संस्थेच्या कार्यालयात फोन करावा.

शेवटी आपल्याकडेच एक विनंती. आपले दैनिक जेव्हा एखाद्या संस्थेचे आवाहन छापते, तेव्हा त्या संस्थेची हृदयस्पर्शी कहाणी आणि बँक खात्याचा तपशील दिला जातो. त्याच चौकटीत धर्मादाय नोंदणीचा क्रमांक, करसवलतीच्या मान्यतेची मुदत, मागील आर्थिक वर्षाचे एकूण उत्पन्न आणि खर्च, त्यातील पगारांची रक्कम आणि लेखापरीक्षणाचा अहवाल पाहायला कोठे मिळेल हेही छापावे. चार-पाच ओळींचा मजकूर वाढेल. जी संस्था ही माहिती देऊ शकणार नाही तिचे आवाहन, माहिती मिळेपर्यंत, रोखून धरावे. आणि पगारांचा आकडा मोठा दिसला म्हणून वाचकांचे जे फोन येतील, त्यांना उत्तर देण्यासाठी संस्थेलाच दोन ओळी लिहायला सांगाव्यात.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबतपासनीस